मदत हवी आहे: स्पिटफायर आणि मेसरश्मिट 109 यांच्या वळणात एवढा फरक का?

नमस्कार मंडळी,

अकरावीच्या मुलांना वर्तुळाकार गती शिकवताना यंदा कललेल्या रस्त्याऐवजी 1940 च्या लढाऊ विमानांचं, ब्रिटिश स्पिटफायर आणि जर्मन मेसरश्मिट 109 यांचं, उदाहरण घ्यायचं आहे. एका ठिकाणी गाडी अडली आहे, जाणकारांनी मदत करावी.

सूत्राचा भाग सरळ आहे. विमान 60 अंश कललं आणि उंची टिकवायची असली, तर पंखांना वजनाच्या दुप्पट लिफ्ट (विमान उचलून धरणारं बल) द्यावी लागते. 70 अंशांच्या जरा पुढे ती तिप्पट होते आणि स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख पुरेशी लिफ्ट देऊ शकत नाही तो वेग, 1.73 पट. म्हणजे कमी वेगातही भार पेलणारा पंख ज्याच्याकडे आहे, ते विमान लहान वर्तुळात फिरणार.

स्पिटफायर मार्क 1 चं वजन साधारण 2,750 किलो आणि पंखांचं क्षेत्रफळ 22.5 चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला 122 किलो भार. मेसरश्मिट 109 ई चा भार 157 च्या आसपास येतो. फ्रान्समध्ये हाती लागलेलं 109 ई इंग्रजांनी 1940 मध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात तपासलं. तिथल्या आकडेमोडीत 12,000 फुटांवर, उंची न गमावता, सर्वांत लहान वळणाची त्रिज्या स्पिटफायरची 696 फूट आणि 109 ची 885 फूट निघाली. भाराचं गुणोत्तर 1.29, त्रिज्यांचं 1.27. जवळपास जुळलंच.

आणि इथेच माझी अडचण आहे. 109 च्या पंखांच्या पुढच्या कडेला आपोआप उघडणाऱ्या स्लॅट (छोट्या पट्ट्या) होत्या. त्यांच्यामुळे स्टॉल लांबतो, मग फरक बराच कमी व्हायला नको का? शिवाय या हिशेबात इंजिन कुठेच येत नाही. मुलं हे विचारणारच.

प्रतिसाद:

स्लॅट पंखाच्या फक्त बाहेरच्या भागावर होत्या, एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या कडेच्या, विमान कलवणाऱ्या झडपांच्या) पुढे. टोकाकडचा पंख आधी स्टॉल होऊन विमान उलथू नये, हे त्यांचं मुख्य काम. अख्ख्या पंखाची लिफ्ट त्यांनी फार वाढत नाही. उलट जोरदार वळणात त्या उघडल्या की एलेरॉनला हिसके बसत आणि नेम हलत असे, हे फार्नबरोच्या चाचणीतच दिसलं. स्पिटफायरचा पंख टोकाकडे किंचित पिळलेला होता, त्यामुळे मुळाशी स्टॉल आधी सुरू होई. विमान थरथरून इशारा देई आणि वैमानिक बिनधास्त स्टॉलच्या कडेपर्यंत जाऊ शके. मुलांना हे जरूर सांगा. कागदावरची त्रिज्या गाठायची हिंमत कुठलं विमान देतं, हा लढाईतला खरा प्रश्न होता.

इंजिन येतं ते "उंची न गमावता" या शब्दांत. घट्ट वळणात लिफ्टसोबत ड्रॅग (हवेचा विरोध) झपाट्याने वाढतो. तो भरून काढण्याइतका थ्रस्ट (पुढे ढकलणारं बल) नसेल, तर वेग तरी जातो नाहीतर उंची तरी. क्षणभराचं घट्ट वळण पंख ठरवतो, टिकणारं वळण पंख आणि इंजिन मिळून. प्रोपेलरच्या विमानात शक्ती साधारण तेवढीच राहते आणि वेग वाढेल तसा थ्रस्ट घटतो, म्हणून टिकणारं वळण कमी वेगातच उत्तम जमतं. 1940 च्या उन्हाळ्यात स्पिटफायरना घाईघाईने कॉन्स्टंट स्पीड प्रोपेलर (पात्यांचा कोन आपोआप बदलून फेऱ्यांचा वेग कायम ठेवणारे) बसवले, त्याचा फायदा इथेही होतो. या दोन विमानांच्या इंजिनांची ताकद त्या उंचीवर फारशी वेगळी नव्हती, म्हणून तुमच्या गुणोत्तरात इंजिन दिसत नाही.

धागाकर्ता:

मनापासून आभार, स्लॅटचा गुंता सुटला. आता एकच शंका. वळण घ्यायला आधी विमान कलवावं लागतं, आणि ताशी 400 मैलांना दोन्ही विमानांचे एलेरॉन जड होत असं वाचलंय. स्पिटफायरला पुढे कापडाऐवजी धातूचे एलेरॉन आले, त्याने हा जडपणा किती कमी झाला? कुणाकडे आकडे असतील तर कृपया इथेच द्या, पुढच्या आठवड्याच्या तासाला वापरायचे आहेत.