मदत हवी आहे: साडेसहा हजार ग्राहकांच्या यादीसाठी मार्केटिंग ऑटोमेशनचा वर्षाचा खर्च किती धरावा?

नमस्कार मंडळी,

सांगलीत आमचा हळद आणि बेदाण्याचा घरचा व्यवसाय आहे. मार्केट यार्डातील सौद्यांत माल घ्यायचा, कुपवाडच्या युनिटमध्ये हळद दळून पॅक करायची आणि बेदाण्याची प्रतवारी करून तो पाठवायचा, असे कामाचे स्वरूप आहे. पूर्वी सगळी विक्री घाऊक होती. आता पुण्या-मुंबईकडची घरे फोनवर किंवा संकेतस्थळावर थेट मागणी नोंदवतात आणि या किरकोळ ग्राहकांची यादी साडेसहा हजार क्रमांकांपर्यंत गेली आहे. ई-मेल पत्ते मात्र जेमतेम दीड हजार आहेत. ही यादी सांभाळायला मार्केटिंग ऑटोमेशनचे, म्हणजे ग्राहकांना ठरल्या वेळी आपोआप संदेश पाठवणारे, सॉफ्टवेअर घ्यायचे हे घरात ठरले आहे, परंतु आलेल्या कोटेशनांवरून वर्षाचा खर्च काही केल्या हाती लागत नाही.

गरज तशी मोठी नाही. ज्या घराने गेल्या एप्रिलात वर्षाच्या मसाल्यासाठी पाच किलो हळद नेली, त्या घराला यंदा मार्चअखेर नवी हळद आल्याचा निरोप आपोआप जावा. दिवाळीआधी बेदाण्याचा भाव कळवता यावा. संकेतस्थळावर माल निवडून पैसे न भरताच निघून गेलेल्यांना दुसऱ्या दिवशी आठवण जावी आणि पार्सल निघाल्यावर त्याचा क्रमांक मिळावा, एवढेच. सध्या हे सारे व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस अ‍ॅपवरून चालते. तेथे एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यांनी आमचा क्रमांक जतन केलेला नाही त्यांना तो संदेश मिळतच नाही, त्यामुळे अर्धी यादी असून नसल्यासारखी आहे.

एका पुरवठादाराच्या कोटेशनवर ‘महिना ४,९९९ रुपये’ अशी ठळक रक्कम आहे. खाली बारीक अक्षरांत लिहिले आहे की ही रक्कम पाच हजार संपर्कांपर्यंतची असून पुढच्या टप्प्यासाठी महिना १,५०० रुपये जादा लागतील. खाते उभे करून देण्याचे एकरकमी २०,००० रुपये वेगळे, जीएसटी वेगळा आणि संदेशांचे पैसेही वेगळे. सगळी बेरीज केल्यावर पहिल्या वर्षाचा आकडा, एकही संदेश न पाठवता, १ लाख १५ हजारांच्या वर जातो. ठळक रकमेला बाराने गुणले तर साठ हजार होतात!

मला खटकते ते असे की आमची विक्री हंगामी आहे. हळदीची गडबड मार्च ते मे आणि बेदाण्याची दिवाळीच्या आगेमागे. मधल्या काळात यादी पडून असते, तरी तिचे भाडे बाराही महिने द्यायचे. अशा धंद्याला आकारणीची कोणती पद्धत परवडते, परदेशी सॉफ्टवेअर घेतल्यास डॉलरच्या दराशिवाय आणखी काय भरावे लागते आणि एक वर्षाची रक्कम आगाऊ देऊन मिळणारी सवलत घ्यावी का, याबद्दल प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी सांगावे.

प्रतिसाद १

मी साताऱ्यात लहान उद्योगांना अशा यंत्रणा बसवून देण्याचे काम करतो. तुमचा संशय रास्त आहे. या सॉफ्टवेअरची आकारणी मुख्यतः संपर्कांच्या संख्येवर, पाठवलेल्या संदेशांवर किंवा वापरणाऱ्या माणसांवर होते, आणि बहुतेक कोटेशनांत या तिन्हींची सरमिसळ असते. वर्षातून एकदाच खरेदी करणारे ग्राहक यादीत भरपूर असतील, तर संपर्कांवरची आकारणी सर्वांत महाग पडते.

त्यातही ‘संपर्क’ कोणाला म्हणायचे हे प्रत्येकाचे निराळे असते. मेलचिंप या ई-मेल पाठवण्याच्या सेवेत ‘ई-मेल नको’ असे कळवलेला माणूसही, तुम्ही त्याला अर्काइव्ह करेपर्यंत, म्हणजे चालू यादीतून बाजूला काढेपर्यंत, संख्येत धरला जातो. हबस्पॉट या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ज्यांना तुम्ही मार्केटिंगसाठी निवडता तेवढेच मोजले जातात; परंतु त्याचा प्रोफेशनल स्तर महिना आठशे डॉलरच्या घरात जातो आणि सुरुवातीचे शुल्क ३,००० डॉलर, तेव्हा तो विचार सोडून द्या. ब्रेवो, म्हणजे पूर्वीचे सेंडिनब्लू, ई-मेलचे पैसे मुख्यतः पाठवलेल्या ई-मेलांच्या संख्येवर घेते आणि मोफत स्तरात दिवसाला ३०० ई-मेल जातात. तुमचे दीड हजार पत्ते पाच दिवसांत विभागले तर एक फेरी फुकटात होते. मौटिक हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्याला वर्गणी नाही. मात्र सर्व्हर सांभाळणारा माणूस लागतो आणि त्याचा पगार कोणत्याही कोटेशनात नसतो.

तुमचा खरा खर्च व्हॉट्सअ‍ॅपचा आहे. साध्या अ‍ॅपऐवजी अशा यंत्रणेतून संदेश पाठवले, की त्याची मालक कंपनी मेटा पैसे घेते, आणि जुलै २०२५ पासून ते संपूर्ण संवादाऐवजी प्रत्येक संदेशाचे घेते. भारतात मार्केटिंगच्या संदेशाला ८० ते ९० पैशांच्या आसपास पडतात. पार्सल निघाल्याची सूचना ‘युटिलिटी’, म्हणजे व्यवहाराची माहिती देणाऱ्या, प्रकारात मोडते आणि ती कितीतरी स्वस्त असते. ग्राहकाने स्वतः संदेश पाठवल्यानंतरच्या २४ तासांत दिलेल्या उत्तरांना पैसे लागत नाहीत, आणि त्या मुदतीत युटिलिटी संदेशही मोफत जातो. म्हणून पिशवीवर क्यूआर कोड छापून ग्राहकालाच पहिला संदेश पाठवायला लावणे फायद्याचे ठरते. मधला पुरवठादार मेटाच्या दरावर प्रत्येक संदेशामागे किती पैसे चढवतो, हे मात्र लेखी घ्या. काही जण वर्गणी कमी दाखवून तेथेच वसुली करतात.

एसएमएस स्वस्त म्हणून त्याकडे वळणार असाल तर एक हिशेब आधी करा. रोमन लिपीतील एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, तर देवनागरीत ७०, आणि मजकूर लांबला की प्रत्येक भागात ६७ च. मात्रा आणि अनुस्वारही मोजले जातात. ‘नवी हळद आली आहे’ येथून सुरू करून भाव, पत्ता आणि फोन लिहिला की १४० अक्षरे सहज होतात आणि तीन एसएमएसचे पैसे जातात. शिवाय दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांप्रमाणे डीएलटी या नोंदणी-प्रणालीवर संस्थेची, हेडरची (म्हणजे पाठवणाऱ्याच्या नावाची) आणि संदेशाच्या प्रत्येक नमुन्याची नोंदणी करावी लागते.

प्रतिसाद २

करांबाबत थोडे लिहितो. भारतीय कंपनीचे सॉफ्टवेअर घेतल्यास, उदाहरणार्थ झोहोचे, रुपयांत बिल येते, त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तुम्ही नियमित करदाते असाल तर त्याचे क्रेडिट मिळते, म्हणजे तेवढी रक्कम विक्रीवरच्या जीएसटीतून वजा होते. परदेशी कंपनीला तुमचा जीएसटी क्रमांक दिला तर ती कर लावत नाही; तो रिव्हर्स चार्जने तुम्हालाच भरावा लागतो, तोही जमा क्रेडिटमधून नव्हे तर रोख खात्यातून, आणि क्रेडिट त्यानंतर. कंपोझिशन योजनेत, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या लहान व्यावसायिकांत, असाल तर दोन्हीकडे क्रेडिट नाही, म्हणजे १८ टक्के थेट खर्चात धरा. हळद पूड आणि बेदाण्यावर तुमचा विक्रीवरचा जीएसटी ५ टक्केच असल्यामुळे जमा झालेले क्रेडिट हळूहळू वापरले जाते, हेही ध्यानात असू द्या.

डॉलरच्या बिलावर कार्ड देणारी बँक विदेशी चलनाचे शुल्क लावते. रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या नियमांनुसार १५,००० रुपयांवरच्या आवर्ती वजावटीला प्रत्येक वेळी ओटीपी लागतो; तो वेळेत न दिल्याने ऐन हंगामात खाते बंद पडल्याचे मी माझ्या एका अशिलाकडे पाहिले आहे.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सांगितलेल्या पद्धतीने नव्याने हिशेब मांडला. वर्षातून तीन वेळा संपूर्ण यादीला संदेश पाठवला तरी १९,५०० संदेश होतात आणि ९० पैशांनी धरल्यास १७,५५० रुपये लागतात. त्यावर कर आणि पुरवठादाराची चढण. ज्यांनी दोन वर्षांत काहीच नेलेले नाही त्यांना वगळले तर ही रक्कम आणखी खाली येईल. म्हणजे संदेशांचा खर्च मुळात फार नाही, सत्तर-ऐंशी हजार जात होते ते यादी नुसती ठेवण्याचे. आम्ही नियमित करदाते आहोत, त्यामुळे कराचा भाग सुसह्य आहे.

आता दोन गोष्टी अडल्या आहेत. एक म्हणजे, दुकानाचा जो क्रमांक पंधरा वर्षांपासून पिशव्यांवर छापलेला आहे, तोच नव्या यंत्रणेत घेऊन काउंटरवरच्या फोनमधील अ‍ॅपही सुरू ठेवता येतो का? वडील दिवसभर त्यावरच घाऊक व्यापाऱ्यांशी भाव बोलतात, तो बंद झाला तर घरात माझी धडगत नाही. दुसरे असे की, पुरवठादार बदलायची वेळ आली तर ग्राहकांची यादी फाइलमध्ये काढून घेता येते हे समजले, परंतु मेटाने मंजूर केलेले संदेशांचे नमुने आणि कोणाला केव्हा काय पाठवले याची नोंद सोबत नेता येते का? कोणी असा बदल प्रत्यक्ष केला असल्यास कृपया लिहावे. त्या उत्तरानंतरच वार्षिक रक्कम आगाऊ भरायची की महिन्याने सुरुवात करायची ते ठरवीन. सध्या कल महिन्याकडेच आहे.