युन्नान-गुइचौच्या डोंगरातली माणसं रोजचं कसं जगतात? कोणी जाऊन आलंय का?

कुणग्यातला_बाबू

नमस्कार मंडळी. मी कुडाळ साईडचा, थोडी भातशेती, थोडी काजू-आंब्याची कलमं. पावसात लाईट असेल तेव्हा यूट्यूबवर चीनच्या नैऋत्येकडच्या डोंगरांचे व्हिडिओ बघायचा नाद लागलाय, युन्नान आणि गुइचौ हे दोन प्रांत. हानी, मिआओ, दोंग, यी, बाई अशा कितीतरी वेगळ्या जमातींची माणसं तिकडे राहतात, प्रत्येकाची भाषा वेगळी, कपडा वेगळा. पण व्हिडिओत सगळं ड्रोनने घेतलेलं, धुकं, बासरी, आणि चांदीचा मुकुट घालून हसणारी पोरगी. मला त्यात इंटरेस्ट नाही, मला विचारायचंय ते असं की डोंगराच्या माथ्यापासून खाली नदीपर्यंत भाताची खाचरं आहेत, ट्रॅक्टर जायला जागाच नाही, मग ती कसतं कोण? आमच्याकडे चार कुणगे लावायला माणूस मिळत नाही, अर्धे ओसाड पडलेत. आणि त्या बायका तो मुकुट घालून खरंच शेतात जातात की कॅमेरा आला की घालतात? जेवतात काय, पाणी कसं वाटून घेतात, भांडणं होत नाहीत का? भावाकडे कलमं सोपवून जानेवारीत जावं असं मनात आहे, सोबत आई असेल. ज्यांना खरं माहीत आहे त्यांनीच सांगा, कॉपीपेस्ट नको.

कुनमिंग_रिटर्न

बाबू, मी एमबीबीएस कुनमिंगला, म्हणजे युन्नानच्या राजधानीत केलंय, आता चिपळूणला असतो. तू ज्या खाचरांचं बोलतोयस ती बहुतेक युआनयांगची, होंगहे नदीच्या खोऱ्यातली हानी लोकांची. 2013 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. तेराशे वर्षांपासून तिथे ही शेती चालू आहे असं मानतात, आणि नुसत्या वारसा म्हणून धरलेल्या भागाचं क्षेत्रच साडेसोळा हजार हेक्टरच्या वर आहे, त्यात 82 गावं.

तिथली रचना एकदा डोक्यात बसली की बाकी सगळं उलगडतं. माथ्यावर जंगल, त्याला हात लावायचा नाही. जंगलाच्या खाली गाव. गावाच्या खाली शेतं. एकदम तळाला नदी. खालच्या गरम दरीतली वाफ वर चढते, माथ्यावर धुकं-पाऊस होऊन पडते, जंगल ते पाणी धरून ठेवतं आणि झरे बारा महिने वाहतात, ते पाटाने गावातून शेतात. गाव मुद्दाम शेताच्या वर ठेवलंय कारण गुराचं शेण-कुजलेलं सगळं खड्ड्यात साठवायचं आणि पाऊस लागला की पाटात सोडून द्यायचं, ते आपोआप खाली शेताशेतात जातं. आपण टोपल्या डोक्यावर घेऊन जातो तशी पाळीच येत नाही.

पाणी वाटायची पद्धत तर फारच भारी. पाट जिथे फुटतो तिथे एक लाकडाचा ओंडका नाहीतर दगड आडवा टाकलेला असतो, त्याला खाचा पाडलेल्या, ज्याचं शेत जेवढं किंवा पाट खणायला ज्याने जेवढी मेहनत दिली तेवढी त्याची खाच रुंद. रात्री येऊन कोणी दगड सरकवायचा प्रश्नच नाही, खाच सगळ्या गावाला दिसते. पाटाची राखण करायला गावाने माणूस नेमलेला असतो, त्याला धान्य द्यायचं. भांडणं होतच नसतील असं मी म्हणणार नाही, माणसंच आहेत, पण निदान मोजमाप डोळ्यासमोर आहे.

अजून एक, ही खाचरं कापणीनंतरही पाण्याने भरून ठेवतात. शोभेसाठी नाही. एकदा वाळली की बांधाला भेगा जातात, मग पुढच्या वर्षी पाणी धरत नाही, आणि वरचं एक खाचर फुटलं की खालची चार घेऊन जातं. म्हणजे एकाने शेती सोडली तर त्रास शेजाऱ्याला. पीक वर्षाला एकच, लाल तांदूळ. नांगरट रेड्यांनी, काही ठिकाणी छोटी पॉवर टिलर उचलून नेतात, ओझी घोड्यावर नाहीतर पाठीवर. आणि करतं कोण याचं उत्तर तुला आवडणार नाही, बायका आणि म्हातारे. पोरं ग्वांगदोंगच्या कारखान्यात नाहीतर कुनमिंगला बांधकामावर.

गजाली_नंबर_वन

अरे तिकडे एक तलाव आहे म्हणे जिथे बायकांचंच राज्य, लग्नच करत नाहीत, रोज नवा पाहुणा. बाबू जाऊन ये पण आईला सोबत नेऊ नको हाहाहा

शेवंता_वेंगुर्ला

गजाली, रीलवर बघून बोलू नये. ते लुगू सरोवर, समुद्रसपाटीपासून साधारण 2700 मीटरवर, आणि ती मोसुओ माणसं. त्यांच्यात घर आईच्या बाजूने चालतं. घरची थोरली बाई कारभारीण, शेत-गुरं-पैसा तिच्या हाताखाली, मुलगी मोठी झाली की तिच्याकडे. पुरुष रात्री बाईच्या घरी येतो, सकाळी आपल्या आईच्या घरी परत जातो आणि तिथे काम करतो, बहिणीची मुलं वाढवतो. म्हणजे मामा हाच घरातला कर्ता पुरुष. मुलाला बाप कोण ते बहुतेक वेळा माहीत असतं, जोड्या वर्षानुवर्षं टिकतात, फक्त त्यासाठी कोणी आपलं घर सोडत नाही. "रोज नवा पाहुणा" हे टुरिस्ट कंपन्यांनी विकलेलं सोंग आहे, त्याचा तिथल्या मुलींना किती त्रास झालाय. आणि हल्ली तरुण मंडळी रीतसर लग्नंही करतात, वेगळा संसारही मांडतात. केरळात नायर लोकांत, इकडे तुळू मुलखात आईकडून वारसा चालायचाच ना, त्याला कोणी हाहाहा करत नाही. सरकारी कागदावर युन्नानमधले मोसुओ नाशी लोकांत धरलेत, स्वतंत्र जमात म्हणून नाही, चीनमध्ये अधिकृत जमाती छप्पनच, त्यात बहुसंख्य हान सोडून पंचावन्न, आणि शेवटची जिनो, तिला 1979 मध्ये मान्यता मिळाली. त्यानंतर यादी बंद. आपल्याकडे कोण कुठल्या यादीत यावरून जे चालतं ते आठवा.

बाबू, कपड्यांचं मी सांगते कारण माझा धंदाच कापडाचा. चांदीचा मुकुट, ती भलीमोठी शिंगं आणि गळ्यातली कडी हे मिआओ बायकांचं, आणि ते सणाला-लग्नालाच. सगळं मिळून काही किलो वजन होतं, ते घालून कोण चिखलात उतरेल. आईबाप मुलगी लहान असल्यापासून थोडं थोडं जमवतात. शिजियांग नावाच्या मोठ्या मिआओ गावात तुम्हाला रोज मुकुटवाल्या मुली दिसतील, तो शो आहे, तिकीट आहे, भाड्याने ड्रेस घेऊन फोटो काढणाऱ्या शहरी मुलीच त्यात जास्त. गावातल्या खऱ्या बाईची ओळख म्हणजे डोक्यावर उंच बांधलेला अंबाडा, त्यात एक मोठं फूल आणि कंगवा, अंगात साधं जाकीट, पायात रबरी बूट.

बघायचं असेल तर कापड बघा. मिआओ बायका तांब्याच्या छोट्या पातीने वितळलेलं मेण घेऊन कापडावर नक्षी काढतात, मग निळीत बुडवतात, मेण उकळून काढलं की नक्षी पांढरी राहते. आधी पेन्सिलने आखणं वगैरे काही नाही, सरळ हात चालतो. दोंग लोकांचं तर वेगळंच, निळीत पुन्हा पुन्हा बुडवून जवळजवळ काळं केलेलं कापड, त्याला अंड्याचा पांढरा बलक लावून लाकडी मोगरीने कुटत बसतात, इतकं की ते तांब्यासारखं चमकायला लागतं. असं कापड धुवायचं नसतं हे लक्षात ठेवा, माझ्याकडच्या तुकड्याचं एका गिऱ्हाईकाने काय केलं ते सांगत नाही.

तरवा_लावणारी

माझा विषय आला म्हणून लिहितेय. मी दापोलीला शेतीचं शिकलेय. दोंग लोकांची भात-मासा-बदक शेती, गुइचौमधल्या चोंगजियांगची, 2011 मध्ये एफएओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न-शेती संघटनेने, जागतिक महत्त्वाच्या शेती वारशात घेतली. लावणी झाली की शेतात माशांची पिल्लं सोडतात, कार्प जातीची. मासा जरा मोठा झाला, बदकाच्या चोचीत मावेना, की मगच बदकाची पिल्लं सोडायची. हा क्रम चुकला तर बदकं मासे खाऊन मोकळी. मासा किडे-अळ्या खातो, बदक तण आणि गोगलगायी, दोघांच्या शिटाने खत आणि चिखल ढवळला जातो. कापणीच्या आधी पाणी सोडून मासे पकडायचे. भात चिकट जातीचं, उंच काडीचं, खोल पाण्यात उभं राहणारं. हा चिकट भात हाताने गोळा करून खातात, पाहुण्याला तोच.

मासे मग खारवून, भात-मिरची घालून, मडक्यात नाहीतर लाकडी पिंपात आंबवतात, वर्षानुवर्षं टिकतो. त्या मुलखात आंबटाशिवाय पान हलत नाही, मीठ डोंगरात महाग होतं म्हणून आंबवून टिकवायची सवय लागली असं म्हणतात. आपल्याकडे सुकटीचं जे स्थान ते तिथे या आंबट माशाचं.

आता तुम्ही विचारणारच की कोकणात होईल का. चढणीचे मासे शेतात येतातच की आपल्याकडे पहिल्या पावसात, पण ते आपण पकडून खातो, पाळत नाही. अडचण अशी की आपल्या जांभ्याच्या जमिनीत पाणी थांबत नाही, पाऊस गेला की आठवड्यात खाचर कोरडं. वायंगणाचे मळे (पावसाळ्यानंतर पाण्यावर दुसरं भात घेतात ते) किंवा बारमाही पाट असलेली जागा असेल तर करून बघता येईल, पण वरच्या शेतवाल्याने तणनाशक मारलं की खाली तुमचे मासे पालथे. तिथे पूर्ण उतार एका विचाराने चालतो, इथे एका बांधावर दोन भाऊ बोलत नाहीत.

गाण्याचं राहिलंच. दोंग गावात मध्यभागी लाकडी ढोल-मनोरा असतो, छपरावर छप्पर, खिळा न मारता सांधलेला. झाओशिंग गावात असे पाच आहेत, एकेका कुळाचा एक. तिथे बसून ती माणसं समूहगान गातात, वाद्य नाही, हातवारे करणारा कोणी नाही, वेगवेगळे सूर एकाच वेळी. 2009 मध्ये युनेस्कोने तेही यादीत घेतलं. जुनी लिपी नव्हती त्यामुळे इतिहास, वंशावळ, शेतीचं वेळापत्रक सगळं गाण्यातच. स्टेजवरचा शो अर्ध्या तासात संपतो, तो बघून "गाणं ऐकलं" म्हणू नका.

कुनमिंग_रिटर्न

बाबूच्या मूळ प्रश्नाकडे परत येतो, कसायला माणूस कुठून आणायचा. युआनयांगमध्ये आझके नावाचं एक छोटं हानी गाव आहे, तिथली घरं मातीच्या भिंतीची, वर गवताचं जाड छप्पर, लांबून अळंबी उगवल्यासारखी दिसतात. खाली गुरं, मधे माणसं, माळ्यावर भात. फोटोवाले यायचे, फोटो काढून जायचे, गावाला शष्प मिळत नव्हतं, लोक घरं पाडून काँक्रीट घालायला लागले होते. 2018 मध्ये एका विद्यापीठाच्या मदतीने गावाची कंपनी काढली. गावात शिरायचं तिकीट, आणि नफ्याचा मोठा हिस्सा घराघरात वाटायचा. पण सरसकट नाही. जुनं घर जुन्या पद्धतीने राखलं त्याचा सगळ्यात मोठा वाटा, मग खाचर कसलं त्याचा, मग प्रत्यक्ष गावात राहतोस त्याचा, आणि नुसतं गावात नाव नोंदलेलं आहे त्याचा सगळ्यात लहान. म्हणजे शहरात बसून सातबारा दाखवलास तर थोडं मिळेल, उपाशी राहणार नाहीस, पण जो चिखलात उभा आहे त्याला जास्त.

त्याने सगळी पोरं परत आली असं अजिबात नाही. काहींनी घरी लॉज काढलेत, काही येतात. पण शेतं वाळली नाहीत.

आचऱ्याचो_दादा

ह्या बरा केल्यानी. आमच्या वाडीत अर्धी घरां कुलपात, गणपतीक उघडतत आणि परत बंद. मुंबैकर येतलो, झाडां कोणी तोडली म्हणान भांडतलो, नि जातलो. हयसर असो नियम काढलो तर पयली मीटिंगच तीन वर्सां चलात. सरकाराचा सोडा, देवळाच्या मानाचो नारळ कोणाचो ह्याच अजून कोर्टात आसा. पण कल्पना झकास, राहणाऱ्याक जास्त.

कुणग्यातला_बाबू

बापरे एवढं सगळं मिळेल वाटलं नव्हतं. दादा तुमचं शंभर टक्के खरं. डॉक्टर, आता रस्ता सांगा, आणि आईचं काय? ती मासे खाते पण सोमवार, संकष्टी, एकादशी कडक. आणि डुक्कर बघितलं तरी जेवण सोडेल.

कुनमिंग_रिटर्न

जानेवारी बरोबर आहे, नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल खाचरं पाण्याने भरलेली असतात, लावणी एप्रिल-मेमध्ये. पण थंडी आणि धुकं धरूनच चाल, कधीकधी दिवसभर समोरचा माणूस दिसत नाही, एखादी रात्र जास्तीची ठेव. चिनी नवीन वर्षाच्या आसपास मात्र जाऊ नकोस, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत कधीतरी येतं, तारीख बघून घे, तेव्हा अख्खा चीन रेल्वेत असतो.

कोलकाता-ग्वांगझू थेट विमान ऑक्टोबर 2025 पासून परत सुरू झालंय. ग्वांगझूहून गुइयांगची फास्ट ट्रेन, ती चोंगजियांगला थांबते, तिथून झाओशिंग जवळ, म्हणजे दोंग गावं आधी उरकतील. मग गुइयांगहून कुनमिंग, कुनमिंगहून जियानश्वी, तिथून बसने युआनयांग. तिकीट काढताना बघ, युआनयांग नावाची दोन ठिकाणं आहेत, नवं शहर नान्शा खाली गरम दरीत, आणि खाचरं वर शिनजिएच्या बाजूला. खाली उतरलास तर परत वर जायला गाडी शोधत बसशील. वर चढताना एक गंमत बघ, खाली दाई, मग झुआंग, मग यी, मग हानी, अगदी वर मिआओ-याओ, उंचीप्रमाणे माणसं बदलतात. आणि आठवडी बाजार चुकवू नकोस, वेगवेगळ्या गावात आळीपाळीने भरतो, तिथे कोणी तुझ्यासाठी नटलेलं नसतं, बायका भरतकामाच्या जाकिटातच कोंबड्या आणि बियाणं विकत असतात.

आईसाठी, जियानश्वीला कोळशावर भाजलेलं टोफू मिळतं, छोटे चौकोनी तुकडे, खाल्लेले मोजायला मक्याचे दाणे टाकत जातात. शिवाय रुबिंग म्हणून शेळीच्या दुधाचं असतं, डिट्टो पनीर, तळून देतात. भाज्या भरपूर, पण नूडल्सचं पाणी जवळजवळ नेहमी डुकराच्या हाडांचं, "मांस नको" एवढं सांगून भागत नाही, रस्साच नको सांगायचं. चरबीतही परततात, तेव्हा तेलात करा असं चिनीत लिहून फोनमध्ये ठेव. एकादशीला सरळ केळी, रताळी आणि शेंगदाणे, रताळी तिकडे रस्त्यावर भाजून मिळतात. पैसे सगळे फोनवरून चालतात, अ‍ॅप इथूनच सेट करून जा, गुगल तिकडे चालत नाही.

शेवंता_वेंगुर्ला

बाबू, झाओशिंगला कापड घेणार असाल तर आधी मला मेसेज करा, मशीनचं कुठलं आणि हाताचं कुठलं ते ओळखायची खूण सांगते. आणि आईंना सांगा, घासाघीस करायला भाषा लागत नाही, कॅल्क्युलेटर पुरतो.