कमिशन घेतलं म्हणून उभ्या उभ्या हाकललं, ही कसली शिस्त?

चिवलाकाठ
तारकर्लीच्या एका हॉटेलमालकांनी काल इथे अभिमानाने लिहिलं की रिसेप्शनवरच्या मुलाला स्कूबावाल्याकडून (समुद्रात बुडी मारायला नेणाऱ्याकडून) पर्यटक पाठवण्याचे माणशी दोनशे घेताना पकडलं आणि त्याच संध्याकाळी बॅग भरायला लावली. खाली सगळ्यांचे अंगठे. वाचून डोकं फिरलं, म्हणून हा वेगळा धागा.
मालकाला अंधारात ठेवून पैसे घेणं चूकच. पण त्याला ठेवताना नेमणुकीचा कागद दिला होता? हे चालणार नाही असं कुणी सांगितलं होतं? सीझनला हा मुलगा सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत उभा. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या थांबल्या, वॉटरस्पोर्ट्स बंद झाले की त्याला घरी पाठवायचं, "गणपतीनंतर बघू". त्याच स्कूबावाल्याचं बॅनर काउंटरमागे मालकानेच लावलंय आणि पॅकेजमधलं मार्जिन मालक घेतो. ते चालतं?

देवबागचा हॉटेलवाला
तो मालक मी नव्हे, पण मीही हेच केलं असतं. प्रश्न दोनशे रुपयांचा नाहीच. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कूबाची बोट उलटून दोन पर्यटक गेले, विसरलात? मी ज्या बोटीवर गेस्ट पाठवतो तिथली जॅकेटं स्वतः बघतो. डेस्कवरचा मुलगा मात्र जो जास्त देईल त्याच्याकडे पाठवणार. माझ्याकडच्या एका कुटुंबाला असंच परस्पर पाठवलं होतं. धक्क्यावर जाऊन बघतो तर सात-आठ वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाचं जॅकेट, बक्कल तुटलेलं, पट्टा सुतळीने आवळलेला. मी त्यांना बोटीतून उतरवलं. काही झालं असतं तर पोलीस त्या मुलाच्या घरी गेले असते की माझ्या दारात आले असते?

होडयेवालो
माजी बोट आसा, माका विचारा. हॉटेलातल्या पोराक दिल्याशिवाय गिऱ्हाईक येणा नाय. रिक्षावाल्याक वेगळा, मालकाक वेगळा. डिझेल, पोरांचो पगार भागवन माज्याकडे रवता काय? मगे जॅकेटा नवीन खंयसून घेवची? कमिशन बंद करूचा तर सगळ्यांचा करा, मालकाचापण.

रात्रीची गाडी
सगळे हॉटेलांवर बोलताय, लक्झरी बसवाल्यांचं काय? मुंबईहून येताना रात्री दीडला गाडी थांबते ती ड्रायव्हर-क्लीनरला फुकट जेवण आणि वर पाकीट देणाऱ्या ढाब्यावरच. आईला साखरेचा त्रास, साधी भाकरी मागितली तर "फक्त थाळी". संडासाला कडी नाही. महामार्गावर इतकी चांगली हॉटेलं असताना हे का सोसायचं?

सावंतवाडी डेपो
एसटीने या. अधिकृत थांबा असतो, तीस रुपयांत चहा-नाश्त्याचा बोर्ड असतो.

रात्रीची गाडी
बोर्ड असतो, नाश्ता "संपला" असतो. मी मागितला तेव्हा हेच ऐकलं.

सावंतवाडी डेपो
मग तक्रार वही मागायची! वडील एसटीत कंडक्टर होते. थांबा सोडून भलतीकडे गाडी थांबवली म्हणून त्यांच्या ड्रायव्हरवर चार्जशीट आली, चौकशी झाली, त्याने आपलं म्हणणं मांडलं, शेवटी वेतनवाढ रोखली. नोकरी गेली नाही आणि पुन्हा त्याने तसं केलंही नाही. तुमच्या लक्झरीवाल्याला विचारणारं कोण आहे?

रात्रीची गाडी
प्रत्येक वेळी खासगीवाल्यांना शिव्या. कणकवलीत पहाटे चारला उतरून बघा, पुढची एसटी कधी मिळते ते!

चिवलाकाठ
बसचं भांडण आवरा. पण चार्जशीटची गोष्ट मला हवी तीच आहे. १९४६ च्या कायद्याखालचे नमुना स्थायी आदेश, म्हणजे नोकरीतल्या शिस्तीचे नमुना नियम, काढून बघा. तो कायदा २०२५ मध्ये जाऊन नवी संहिता आली, तरी बघा. लाच किंवा बेकायदा लाभ घेणं हे त्यात गैरवर्तन म्हणून स्पष्ट लिहिलं होतं. त्यातच हेही होतं की आरोप लेखी कळवा, उत्तराची संधी द्या, शिक्षा ठरवताना गुन्ह्याचं गांभीर्य आणि आधीची वागणूक बघा. छोट्या हॉटेलला ते आदेश लागू नसायचे, पण एवढं ऐकून घ्यायला कायद्याने कान धरायला हवा का?

देवबागचा हॉटेलवाला
कायदा मलाही वाचता येतो. करार कायदा, १८७२ चा, कलम २१६. आपल्या माणसाने आपल्या धंद्यात आपल्याला न सांगता स्वतःचा व्यवहार केला तर त्यातला फायदा मालक मागू शकतो. बारा खोल्यांच्या हॉटेलात चौकशी समिती कुठून आणू? तुम्ही कधी कुणाला पगार दिलाय?

चिवलाकाठ
पगार घेतलाय, म्हणूनच बोलतोय. समिती नको. एक कागद, दोन दिवस आणि त्याचं उत्तर वाचायची तयारी. तुमच्या सुतळीच्या जॅकेटपुढे माझ्याकडे उत्तर नाही, ते मान्य. जिवाशी खेळ असेल तर डेस्कवरून लगेच उठवा. पण कालच्या पोस्टमध्ये बोटीच्या सुरक्षेबद्दल एक ओळ नव्हती. दोनशे रुपये आपल्याला मिळाले नाहीत याचाच राग होता.

होडयेवालो
ह्या बरोबर बोललो.

देवबागचा हॉटेलवाला
बरं, नोटीस द्यायला हवी होती, धरून चाला. माझ्याकडे यापुढे नेमणुकीच्या कागदात लिहून घेईन आणि बोटीकडून मला काय मिळतं तेही काउंटरवर लावेन. पण असा मुलगा डेस्कवर परत बसवणार नाही. गेस्ट त्याच्या शब्दावर समुद्रात उतरतात.

चिवलाकाठ
नका बसवू. पण काल लिहिणाऱ्या मालकांनी त्याचा मे महिन्याचा पगार दिलाय की धडा शिकवायचा म्हणून तोही कापला, एवढं इथे सांगावं.