असू दे, लागेल कधीतरी!

घरात अडगळ नको आणि पैसाही वाया जायला नको, हे दोन्ही एकदम कसं जमवता? आमच्याकडे यावरून महिन्यातून एकदा तरी जुंपतेच. नवरा म्हणतो "टाक", मी म्हणते "असू दे". उपदेश नकोत, घडलेलं लिहा. सुरुवात माझ्यापासून.

चांगले बूट खास प्रसंगासाठी खोक्यात जपून ठेवले होते. पाच-सहा वर्षांनी घालून निघाले, तर दहा पावलांत बुटांच्या तळाचा भुगा! दुरुस्तीवाला म्हणाला, तळ पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचा आहे, हवेतल्या ओलाव्यानं कुजतोच, बूट वापरा नाहीतर नुसते ठेवा. रोज घातले असते तर निदान पैसे तरी वसूल झाले असते.

*

माझं उलटं झालं. मिनिमलिझमचं, म्हणजे कमीत कमी वस्तूंत राहण्याचं, वारं अंगात शिरलं आणि एका रविवारी अर्धं घर वाटून टाकलं. मग मोकळ्या फळ्यांवर जुने, वेगवेगळ्या रंगांचे डबे खुपायला लागले, म्हणून ते देऊन एकसारखे काचेचे डबे आणले. त्यांच्यासाठी नवं कपाट. चार महिन्यांत ड्रिल मशीनही परत विकत घ्यावं लागलं. साधं राहणं इतकं महागात पडलेला माणूस मी एकटाच असेन. आता काही टाकण्याआधी दोनच गोष्टी विचारतो: हे परत घ्यावं लागलं तर परवडेल का, आणि लगेच मिळेल का? दोन्हींना "हो" असेल तरच वस्तू घराबाहेर जाते.

*

बंद रेडिओ "दुरुस्त करू" म्हणून ठेवला, आतले सेल काढायचे राहिले. ते गळले. रेडिओ गेला.

*

वडील वाकडे खिळे ठोकून सरळ करायचे. लहानपणी टंचाई बघितलेली, त्यामुळे वायरींचे तुकडे, सुतळी, रिकाम्या बाटल्या, सगळं जपून. आम्ही हसायचो. ते गेल्यावर ती खोली आवरायला मला आणि भावाला तीन आठवडे लागले, आणि तेव्हा हसू आलं नाही; खरं सांगायचं तर रागच आला. वापरलेली एकही वस्तू सापडेना. एक डबा मात्र ठेवलाय. त्यावर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी आहे: "खिळे, सरळ केलेले".

*

आमच्या मजल्यावर चार घरांत मिळून एकच शिडी. जागा वाचते, पैसेही वाचतात. फक्त बल्ब बदलायचा झाला की शिडी कुणाकडे आहे, हे शोधत तीन दारं वाजवावी लागतात.