आपांच्या पत्रकात काय छापायचं?

म्हापसा दादा: आपांच्या बाराव्याला वाटायच्या पत्रकाचा मजकूर. ‘प्रेमळ, कष्टाळू, धर्मपरायण, सर्वांचे मार्गदर्शक…’ प्रेसवाल्याला सहापर्यंत द्यायचाय. बदल असले तर सांगा.

वाळपईकाका: नाव बदललं की हे कोणाच्याही बाराव्याला चालेल. साठ वर्षं सत्तरी तालुक्यातली काजूबी त्या ओसरीवर विकत घेतली माणसाने. त्यातलं एक अक्षर नाही.

म्हापसा दादा: मग लिहा तुम्ही. मी जोडतो.

वाळपईकाका: मार्च ते मे हंगाम. बोंडूपासून, म्हणजे काजूच्या फळापासून, पिळून वेगळी केलेली बी त्याच दिवशी पोत्यात भरली तर ओली असते. आपा पोत्याच्या तोंडाची बी बघत नसत, कोपरापर्यंत हात खाली घालत. वरची सगळेच वाळवतात! मूठभर बी कानाशी हलवायची. खुळखुळली तर गर सुटलाय. मग अंगठ्याचं नख दाबायचं. वण उठला तर अजून दोन-तीन उन्हं हवीत.

मडगाव मामा: शंका आली की बादलीभर पाणी. तरंगते ती कोवळी नाहीतर पोकळ. मोजणीही होती: किलोत 180-190 बिया बसल्या तर माल चांगला, 220 च्या वर गेल्या की बारीक. शेवटी किलोभर फोडून गर तोलायचा, पाव किलोच्या आसपास भरायला हवा.

वहिनी: मुलं विचारताहेत, ओली घेतली तर काय बिघडतं?

वाळपईकाका: पोत्यात घाम धरते, बुरशी येते, गर काळपट पडतो. शिवाय आठ दिवसांत वजन उतरतं ते आपल्या अंगावर. म्हणून प्लॅस्टिकच्या पोत्यातला माल आधी खळ्यावर पसरायचा, मग तागाच्या पोत्यात. खाली फळ्या, भिंतीपासून हातभर लांब. पावसाळ्यात भिंत ओल ओढते, टेकलेलं पोतं पहिलं जातं.

फोंडा आत्या: बारदानाचं, म्हणजे रिकाम्या पोत्याच्या वजनाचं, लिहा आधी! तागाचं मोठं पोतं किलोच्या आसपास भरतं. बरेच व्यापारी बारदान आणि ओल मिळून पोत्यामागे दोन-तीन किलो सरसकट ‘कट’ घेत, म्हणजे वजनातून कापत. पोत्याचं खरं वजन सोडलं तरी वीस पोती आणणाऱ्याचे तीसेक किलो नुसते हवेत. आपा रिकामं पोतं वेगळं तोलत आणि तेवढंच वजा करत. बी ओली असली तर कट नाहीच. आपल्या खळ्यावर वाळवायची, मग मालकासमोर तोलायची.

मडगाव मामा: याचा तोटाही लिहा मग. खळं अडून राहायचं आणि मे अखेरीस वळीव आला की ताडपत्रीखाली दहा जणांचा माल. ढीग मिसळू नयेत म्हणून प्रत्येकावर खडूने नाव लिहिलेली फळी.

वाळपईकाका: उचलीचंही आहे. जानेवारीत बागायतदाराच्या घरात पैसा नसतो. तांदूळ, तेल, औषध आपांच्या पसऱ्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, उधार जायचं. नोंद पैशात, फेड बियांत. पण दर बी आणतील त्या दिवशीचा, फळ्यावर लिहिलेला. जानेवारीतच दर बांधून घेणाऱ्याला एका हंगामात दुप्पट सुटतं, पुढच्या हंगामात त्याच्या दारात कोणी येत नाही.

म्हापसा दादा: जुन्या वहीत ‘रु. तां.’ असं आहे ते काय?

मडगाव मामा: रुपी आणि तांग. पोर्तुगीज रुपी, 16 तांगांची एक. 1959 ला एस्कुदो आला, 6 एस्कुदोंना एक रुपी. त्या वर्षीच्या वहीत दोन्ही रकाने आहेत. 1961 ला गोवा मुक्त झाल्यावर भारतीय रुपया, त्याचाही हिशोब सहाच एस्कुदोंचा. म्हणून जुन्या उधाऱ्या एस्कुदोंतून रुपयांत आणताना आपांना फक्त सहाने भागायचं होतं. आणि मुक्तीआधीच्या, भारताने केलेल्या नाकेबंदीतला पसरा विसरू नका: बटाटा हॉलंडचा, चहा सिलोनचा.

वहिनी: काजू कारखान्याचं?

वाळपईकाका: थोडक्यात घ्या. आधी ड्रममध्ये भाजायचे, टरफलाचं तेल हातांची सालं काढायचं, म्हणून फोडणाऱ्या बायका बोटांना राख लावत. नंतर बॉयलर आला. वाफवलेली बी रात्रभर निवू द्यायची. गरम फोडली की गराचा चुरा होतो. मग गर भट्टीत सुकवून साल काढायची. निवडताना प्रतीचा आकडा असतो: 240 म्हणजे एका पौंडात 220 ते 240 गर, 320 म्हणजे 300 ते 320. आकडा लहान तेवढा गर मोठा. नवीन गिऱ्हाईक नेमकं उलटं समजतं.

म्हापसा दादा: शेवटी ‘चालक: दोन्ही सुपुत्र’ असं टाकलंय.

फोंडा आत्या: ते काढ. लग्नानंतरचं सगळं दोघांच्या समाईक मालकीचं होतं, त्यांच्या लग्नाला गोव्याचा पोर्तुगीज काळापासूनचा समाईक मालमत्तेचा कायदा लागू होता. म्हणजे अर्धा पसरा आईचाच, आज नाही, पहिल्यापासून. आपांच्या अर्ध्यातही मृत्युपत्राने अर्धाच हवा त्याला देता येतो, उरलेला मुलगे-मुली सगळ्यांत सारखा. इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातली वाटणी, व्हायची आहे. पत्रकावर कोणालाच मालक करू नका.

वाळपईकाका: बरोबर. आईचं नाव वर घ्या, बाकीचे नात्याप्रमाणे.

म्हापसा दादा: घेतलं. हे सगळं एका पानात मावणार नाही, पण.

मडगाव मामा: ‘मार्गदर्शक’ काढ, मावेल.

म्हापसा दादा: काढलं. फोटो कुठला? फेट्यातला की तागडीजवळचा?

फोंडा आत्या: फेट्यातला. तागडीच्या फोटोत चेहरा नीट दिसत नाही, खाली बघताहेत.

वाळपईकाका: त्याच फोटोत उजव्या पारड्यात काय आहे ते मोठं करून बघ.

फोंडा आत्या: रिकामं पोतं.

फोंडा आत्या: हाच दे.