आजीचे धोंडस मधोमध ओले राहते, मार्गदर्शन हवे

प्रश्न
राजापूरजवळच्या आमच्या घरी माझी आजी जून तवशाचे, म्हणजे पिकलेल्या मोठ्या काकडीचे, धोंडस (केकसारखा भाजलेला गोड पदार्थ) करीत असे. त्यासाठी एक मोठे तवसे ती सुंभाने बांधून आढ्याला टांगून ठेवी. तांदळाचा रवा, काकडीचा कीस, गूळ, ओले खोबरे आणि हळद एवढेच साहित्य. पितळी पातेल्याच्या तळाशी हळदीची पाने, खाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे. कृती तिने लिहून ठेवली नाही आणि प्रमाण विचारले की "काकडीत मावेल तेवढा रवा" एवढेच सांगे. आता ती नाही. मी ओव्हनमध्ये एक वाटी रवा, बाजारातल्या काकडीचा तीन वाट्या कीस आणि एक वाटी गूळ घेऊन १८० अंशांवर ४० मिनिटे भाजते, तरी कडा खरपूस होतात आणि मध्यभाग चिकट राहतो. माझे काय चुकते?

प्रतिसाद १
आपल्या आजीचे वाक्य हेच प्रमाण आहे. रवा आधी तुपावर भाजून घ्यावा आणि तो काकडीच्या पाण्यातच झाकून शिजवावा. गुळालाही पाणी सुटते, म्हणून वरून पाणी मुळीच घालू नये. मिश्रण उलथन्याला सोडून गोळा होऊ लागले की मगच भाजायला ठेवावे. आपण कच्चा रवा थेट ओव्हनमध्ये घालत असाल, तर मध्यभाग शिजणार कसा? एका वाटीला दीड ते दोन वाट्या कीस पुरतो.

प्रतिसाद २
बाजारातल्या कोवळ्या काकडीत गर कमी आणि पाणी फार, त्यामुळे कीस हलका पिळून ते पाणी बाजूला ठेवावे आणि लागेल तसेच घालावे. ओव्हनमध्ये भाजताना भांडे झाकू नये, कारण झाकणाखाली वाफ कोंडते. निखाऱ्यांनी झाकण तापलेले असे, म्हणून चुलीवर तो प्रश्न येत नसे. शिवाय धोंडस गरम असताना कापू नये, ते निवतानाच घट्ट होते.

प्रश्नकर्तीचे उत्तर
दोघांचेही मनापासून आभार. रवा शिजवून घेतला, कीस पिळला, भांडे उघडे ठेवून ५० मिनिटे भाजले आणि रात्रभर तसेच राहू दिले. सकाळी सुरी स्वच्छ बाहेर आली. आजीही धोंडस रात्री चुलीवरच ठेवून देई आणि आम्हा मुलांना हात लावू देत नसे. तिने त्याचे कारण कधी सांगितले नव्हते, ते मला आज कळले. कडेचा खरपूस तुकडा ती आजोबांसाठी काढून ठेवी. तो मी आज आईला दिला.