सी-१/डी व्हिसावर गेलेला भाऊ, अमेरिकन नागरिक मुलगी आणि लग्न: ग्रीन कार्डसाठी इकडे यावंच लागतं का?

पाजेवरचा

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ २०१६ मध्ये सी-१/डी (खलाशांच्या) व्हिसावर मालवाहू बोटीवर होता. ह्यूस्टनला किनाऱ्यावर उतरायची परवानगी मिळाली आणि तो परत बोटीवर चढलाच नाही. तेव्हापासून न्यू जर्सीत आहे. पोलीस केस नाही, कोर्टाची नोटीस नाही. आता तिथल्या एका मुलीशी लग्न ठरतंय. मूळची गुजराती, अमेरिकन नागरिक झालेली आहे.

दापोलीतले एक एजंट सांगतात, नागरिक मुलीशी लग्न झालं की ओव्हरस्टे माफ, तिथंच सहा महिन्यांत कार्ड. दुसरे म्हणतात, दहा वर्षं भरली की तिथलं कोर्टच कार्ड देतं. तिसरे म्हणतात, सरळ मुंबईला या, मुलाखत द्या नि परत जा. खरं काय? आणि गावाकडून कोणते कागद काढून ठेवू?

डेक_कॅडेट

आधी दोन गोष्टी सांगा. पासपोर्टवर व्हिसा नक्की सी-१/डीच आहे ना, बी-१/बी-२ (टुरिस्ट) नाही? आणि किनाऱ्यावर उतरताना मिळालेला आय-९५ (आपली पोरं ज्याला शोअर पास म्हणतात तो) जवळ आहे का?

पाजेवरचा

सी-१/डीच. शोअर पास हरवला. पासपोर्टची मुदत संपली आहे, पण झेरॉक्स आहे.

डेक_कॅडेट

मग तिघांचंही सोडून द्या. एकेकाचं का चुकतं ते सांगतो, कारण तिघांनीही अर्धं खरं सांगितलं आहे.

पहिल्याचं म्हणणं टुरिस्ट किंवा विद्यार्थी व्हिसावर गेलेल्याला लागू पडतं. असा माणूस रीतसर तपासणी होऊन आत गेलेला असतो. त्यामुळे नागरिक जोडीदाराने अर्ज केला की मुदत संपून राहिल्याचा दोष आड येत नाही आणि तिथेच आय-४८५ हा ग्रीन कार्डचा अर्ज भरून कार्ड मिळू शकतं. पण अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २४५(सी) मध्ये खलाशांना वेगळं बाजूला काढलं आहे. नागरिकाच्या नवरा-बायकोला जी सूट आहे, ती खलाशाला नाही. बोटीवर काम करायला आलेला तो खलाशी. बोट धरण्यासाठी विमानाने सी-१ वर उतरलेलाही त्यातच धरला जातो. आय-४८५ ची फी १,४४० डॉलर आहे. ती भरून अर्ज नामंजूर होणार आणि वर पत्ता-ठावठिकाणा आपणच सरकारच्या हातात दिलेला असणार. एक जुनी फट आहे: त्याच्यासाठी किंवा आईवडिलांसाठी कोणी ३० एप्रिल २००१ पर्यंत अर्ज केलेला असेल तर तिथेच कार्ड मागू देणारं कलम २४५(आय) लागू होऊ शकतं. घरात कुणी मामा-काका पूर्वी तिकडे होते का, एवढं विचारून घ्या.

दुसऱ्याचं दहा वर्षांचं. ती सवलत खरी आहे, पण आपोआप मिळत नाही. हद्दपारीच्या खटल्यात न्यायाधीशापुढे मागावी लागते आणि ३० जून १९६४ नंतर खलाशी म्हणून आत आलेल्याला ती कायद्यानेच बंद आहे. थांबून काही पदरात पडणार नाही.

तिसऱ्याचं सगळ्यात घातक. खलाशाला किनाऱ्यावर जास्तीत जास्त २९ दिवसांची मुभा असते. ती संपल्यापासून बेकायदा वास्तव्य मोजलं जातं. १८० दिवसांहून जास्त पण वर्षाच्या आत असेल आणि माणूस देशाबाहेर पडला, तर ३ वर्षं परत येता येत नाही. वर्ष किंवा जास्त झालं असेल तर १० वर्षं. ही बंदी बाहेर पाऊल टाकल्यावर लागते, आत असताना नाही. गणपतीला म्हणून आला किंवा आईच्या आजारपणाला आला तरी तीच गत. माफी हातात नसताना मुंबईला येणं म्हणजे दहा वर्षं हर्णै बंदरात जाळी विणत बसणं.

मार्ग आहे, लांबचा आहे. लग्न, मग मुलीने नवऱ्यासाठी करायचा आय-१३० अर्ज (ऑनलाइन ६२५ डॉलर, कागदावर ६७५), त्यासोबत भावाच्या माहितीचा आय-१३०ए. मंजूर झाला की प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे जातं. तिथे व्हिसाची ३२५ डॉलर फी भरायची, कारण तिची पावती पुढच्या अर्जाला जोडावी लागते. तो पुढचा अर्ज म्हणजे आय-६०१ए, ७९५ डॉलर: अमेरिकेत राहूनच दहा वर्षांच्या बंदीची माफी आगाऊ मागणं. ती हातात आली की मगच मुंबईत मेडिकल आणि बीकेसीच्या वकिलातीत मुलाखत. सगळं सुरळीत झालं तर इकडचा मुक्काम काही आठवड्यांचा.

वेळ विचाराल तर आय-१३० ला साधारण वर्ष-दीड वर्ष आणि एकट्या ६०१ए ला अलीकडे तीन वर्षांच्या पुढेही जातात. या सगळ्या काळात त्याला कामाचा परवाना नाही आणि संरक्षणही नाही. आय-१३० मंजूर झाला म्हणजे तिथे राहण्याचा कायदेशीर दर्जा मिळाला असं कुणी समजू नये. हद्दपारीची नोटीस तरीही निघू शकते.

कागदोपत्री

वरचं बरोबर आहे. ६०१ए कुठे फसतो ते जोडतो.

माफी मिळते ती मुलीला, म्हणजे नागरिक बायकोला होणाऱ्या 'अतीव हालां'वर. भावाचे हाल मोजत नाहीत, मुलं झाली तर त्यांचेही थेट मोजत नाहीत. विरहाचं दुःख सगळ्यांनाच होतं, म्हणून तेवढ्याने भागत नाही. दोन्ही बाजू मांडाव्या लागतात: तो इकडे अडकला तर तिचं तिकडे काय होईल, आणि ती त्याच्यासोबत दापोली तालुक्यात राहायला आली तर काय होईल. तिचे औषधोपचाराचे कागद, तिच्यावर अवलंबून असलेले आईवडील, घराचं कर्ज, इथे न चालणारा तिच्या धंद्याचा परवाना. उपचार हा मुद्दा असेल तर 'गावात सोय नाही' एवढं लिहून सोडू नका. तज्ज्ञासाठी डेरवण नाहीतर मुंबई गाठावी लागते, किती तास लागतात, महिन्यातून किती वेळा जावं लागेल, हे डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट दाखवा. मोघम पत्रांच्या थप्पीपेक्षा अशी चार पानं भारी पडतात.

दुसरं, ६०१ए फक्त बेकायदा वास्तव्य माफ करतो. मुंबईतल्या अधिकाऱ्याला अपात्रतेचं दुसरं कारण सापडलं की मिळालेली माफी तिथल्या तिथे रद्द होते आणि माणूस इकडेच राहतो. मग आय-६०१ नावाचा वेगळा अर्ज, १,०५० डॉलर आणि पुन्हा वाट. म्हणून भावाला आत्ताच विचारा: नोकरीला लागताना आय-९ फॉर्मवर 'अमेरिकन नागरिक' या चौकोनात खूण केली होती का? त्या खोट्या दाव्याला माफीच नाही, लग्न असो वा नसो. कधी देशाबाहेर जाऊन चोरवाटेने परत आला का? नोटीस मिळाली नसली तरी त्याच्या माघारी हद्दपारीचा आदेश निघाला आहे का? पत्ता बदलला की नोटीस जुन्या पत्त्यावर जाते. इमिग्रेशन कोर्टाच्या ऑनलाइन यंत्रणेत ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने माणसाला दिलेला क्रमांक) टाकून बघता येतं. ए-नंबरच नसेल तर माहितीच्या अधिकारासारखा तिथला अर्ज करून सीमाशुल्क विभागाकडची प्रवेशाची नोंद मागवा. शोअर पास हरवल्यामुळे ती नोंद तशीही लागणार आहे.

व्हिसा सेंटरकडे प्रकरण पडून असताना वर्षातून एकदा तरी लॉगिन करा किंवा संदेश पाठवा. वर्षभर काहीच हालचाल नसेल तर ते प्रकरण बंद करण्याची कारवाई सुरू करतात आणि आय-१३० पासून सुरुवात करावी लागते. माफीची तीन वर्षं वाट बघताना हे हमखास विसरतं.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'नागरिकाच्या जोडीदाराला देश न सोडता कार्ड' असं जे फिरतं, ती २०२४ ची योजना टेक्सासच्या न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२४ लाच रद्द केली.

देवबागची

कागदांचं मी सांगते. आधी एक: एजंटाक पैसे देव नकात.

जन्मदाखला ग्रामपंचायतीतून घ्या, मराठी-इंग्रजी दोन्ही असलेला, आईवडिलांच्या नावांसकट. नावं पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवा. आपल्याकडे शाळेत गावावरून आडनाव लावलेलं असतं आणि पासपोर्टात कुळाचं, तिथे गाडी अडते. नोंदच नसेल तर अनुपलब्धतेचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या जवळच्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं. आत्ता उशिराची नवी नोंद करायची झाली तर वर्ष उलटून गेल्यामुळे जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. ताज्या तारखेच्या दाखल्याकडे वकिलात संशयाने बघते, म्हणून शाळेचा दाखला सोबत हवाच. मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर आणि त्याखाली भाषांतरकाराचं 'मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर अचूक आहे' असं सही केलेलं निवेदन. नोटरी लागत नाही. अपोस्टिलही (परदेशासाठीचा सरकारी शिक्का) लागत नाही, त्यावर काही हजार मागतील, देऊ नका.

पोलीस क्लिअरन्स आत्ता काढू नका. त्याला दोन वर्षांची मुदत धरतात आणि तुमची मुलाखत त्यापलीकडे आहे. वेळ आली की तो न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे अर्ज करेल, पडताळणी गावच्या पत्त्यावर येईल, तेव्हा घरी कुणीतरी असू द्या. पासपोर्टचं नूतनीकरण मात्र आत्ताच.

आर्थिक हमीचा आय-८६४ मुलीनेच द्यायचा, गरिबीरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवून. कमी पडलं तर दुसरा हमीदार चालतो, पण तो अमेरिकेत राहणारा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला हवा. तुमच्या कलमांच्या बागेचं उत्पन्न तिथे कामाचं नाही.

पाजेवरचा

सगळ्यांचे आभार. एक राहिलं. भावाचं पहिलं लग्न २०१३ मध्ये झालं होतं, वैदिक पद्धतीने. २०१५ ला गावकीत बसून १०० रुपयांच्या स्टॅम्पवर फारकत लिहिली, दोघांच्या सह्या आहेत. ती माहेरी असते, दुसरं लग्न केलेलं नाही. हे चालेल ना?

कागदोपत्री

हेच आधी सांगायला हवं होतं! न्यू जर्सीचं लग्न थांबवा.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) ने रूढीप्रमाणे झालेली काडीमोड मान्य आहे, पण तुमच्या ज्ञातीत तशी रूढी आहे हे सिद्ध करावं लागतं आणि ते स्टॅम्पपेपर सिद्ध करत नाही. पहिलं लग्न कायद्याने शिल्लक असेल तर दुसरं शून्य, आणि शून्य लग्नावर केलेला आय-१३० टिकत नाही. शिवाय न्यू जर्सीत लायसन्सच्या अर्जात आधीचं लग्न कसं संपलं ते शपथेवर सांगावं लागतं.

पहिली पत्नी सही द्यायला तयार असेल तर कलम १३ब खाली परस्परसंमतीने घटस्फोट घ्या. वर्षभर वेगळं राहिल्याची अट केव्हाच पूर्ण झाली आहे. लग्न जिथे लागलं किंवा दोघं शेवटी एकत्र जिथे राहिले, तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो. पहिल्या आणि दुसऱ्या अर्जामधली सहा महिन्यांची थांबणूक सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानुसार माफ होऊ शकते, तसा स्वतंत्र अर्ज द्या. भावाने यायचं नाही. दूतावासात साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र तुमच्या नावे पाठवायचं आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. ती मुदत चुकली तर न्यायालयात दंडाची भानगड. त्याची साक्ष व्हिडिओवर घ्यावी, अशी विनंती वकिलाकरवी करा.

हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत हातात आल्यावरच लग्न. तिथे पालिकेच्या निबंधकाकडे २८ डॉलर, १८ वर्षांवरचा एक साक्षीदार आणि ७२ तासांची थांबणूक, एवढंच आहे. इमिग्रेशनचा दर्जा विचारत नाहीत.

डेक_कॅडेट

आणि २०१६ ला डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज भरताना 'वैवाहिक स्थिती' पुढे काय लिहिलं होतं ते भावाला विचारा. बहुधा तो फॉर्म मॅनिंग एजन्सीच्या (बोटीवर माणसं भरती करणाऱ्या कंपनीच्या) कारकुनाने भरला असेल. 'अविवाहित' लिहिलं असेल तर मुंबईतल्या अधिकाऱ्यासमोर तो फॉर्म आणि तुमचा नवा हुकूमनामा एकाच वेळी पडणार आहेत. वकिलाला पहिल्याच बैठकीत सांगा.